खर्चाला कात्री कुठे लावायची?

प्रश्न : नोकरी गेल्यापासून घरातली कुत्री आणि सात महिन्यांची मांजर यांचा खर्च झेपत नाही. काय कमी करू? की दोघींना प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेत सोडू?

उत्तर : संस्थेचा विचार अगदी शेवटी. सुगंधी शाम्पू, चघळायच्या कांड्या, डॉक्टरांनी न सांगितलेली टॉनिकं आधी बंद करा. रेबीजची लस आणि जंताचं औषध मात्र चुकवू नका. उरलेल्या पैशांवर पहिला हक्क मांजरीच्या नसबंदीचा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. संस्थेकडे जागा मागण्यापेक्षा सवलतीतली नसबंदी मागा. पिंजरे भरलेले असले तरी ही मदत मिळू शकते.

खाद्य निवडताना पिशवीची किंमत पाहू नका. पिशवीवर वजनानुसार रोजचं प्रमाण दिलेलं असतं, त्यावरून एका दिवसाचा खर्च काढा. स्वस्त खाद्य जास्त घालावं लागलं तर ते महागच. वाटीने अंदाज चुकतो, काट्यावर मोजा. नवं खाद्य आधी पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण, असं आठवडाभरात वाढवा. एकदम बदललं की जुलाब होऊ शकतात, आणि मग वाचवलेले पैसे दवाखान्यात.

कुत्रीचं खाद्य मांजरीला घालणं ही खोटी बचत. त्यात मांजरीपुरतं टॉरिन, म्हणजे तिला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य, नसतं; त्याच्या कमतरतेने हृदय आणि डोळ्यांचा पडदा बिघडतो. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून तिला उपाशी ठेवणंही नको. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजरीच्या, त्यातही जाड मांजरीच्या, यकृतात चरबी साठू लागते. घरातली पॅरासिटामॉल तर तिला कधीच नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते.

प्रश्न : हाडांचा सापळा झालेला कुत्रा घरी आणलाय. पोटभर घालू का?

उत्तर : नको. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घटतं, त्यात हृदय बंद पडू शकतं. 10 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे 400 किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्यातल्या 100च, दर चार तासांनी थोड्या थोड्या. पुढे दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पाणी समोर असू द्या. ओकारी, थरथर किंवा अशक्तपणा वाढला तर लगेच डॉक्टरांकडे. आणि दोन आठवडे त्याची खोली, भांडी वेगळी. घरात आधीपासून असलेल्या कुत्र्याची लस झालेली असली तरी.