होरेस पिपिन या न शिकलेल्या अमेरिकन चित्रकाराची चित्रं इतकी बालिश दिसतात, मग त्यांचं एवढं कौतुक का? ती पाहायची कशी?

'बालिश' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

आमचे अण्णा मिरजेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिलेली नव्हती. एकदा उरलेल्या ऑइलपेंटमध्ये त्यांनी प्लायवर आजी काढली, भाकरी थापताना. माझे एक काका चित्रकलेचा डिप्लोमा केलेले. दिवाळीला आले आणि भर पंगतीत म्हणाले, "दादा, हात केवढे काढलेस हे! न शिकता काढलं की असंच होणार." अण्णा गप्प जेवले. दुसऱ्या दिवशी चित्र कपाटामागे गेलं, आणि पुढे त्यांनी पाट्यांशिवाय काही रंगवलं नाही. आजीचे हात खरंच तसे होते. चार घरची धुणीभांडी केलेले.

पुढे मी न्यू जर्सीत आले. एका रविवारी फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात पिपिनचं महायुद्ध संपल्यावरचं चित्र समोर आलं आणि पाय हलेनात. पहिल्या महायुद्धातल्या, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या 369व्या कृष्णवर्णीय रेजिमेंटचा हा शिपाई. 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर उजव्या खांद्यात गोळी लागली, हात वर उचलेना. घरी आल्यावर आधी तापल्या सळईने लाकूड डागून चित्रं काढली. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून ब्रश चालवला. हे त्याचं पहिलं तैलचित्र, 1930 च्या सुमारास हाती घेतलेलं आणि तीन वर्षं चाललेलं. रंगावर रंग इतका चढवलाय, की वर्षानुवर्षं सारवलेली भिंत वाटते. चौकटीवर हातबॉम्ब, रणगाडे, शिरस्त्राणं त्याने स्वतः कोरून बसवलीत. ज्याने खंदकात दिवस काढले, त्याला आकृती 'बरोबर' नाही म्हणून कोण शिकवणार? अल्बर्ट बार्न्ससारख्या बड्या संग्राहकाने 1940 मध्ये त्याला आपल्या संस्थेच्या वर्गात घेतलं होतं. थोड्याच आठवड्यांत पिपिनने जाणं सोडलं. बरं केलं.

पाहायची कशी म्हणाल, तर मोबाइलवर नको, तिथे तो थर मरतो. शक्य झालं तर वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहातलं 1943 चं 'डॉमिनो प्लेयर्स' बघा. स्वयंपाकघरात डॉमिनोचा डाव रंगलाय आणि एक बाई बाजूला गोधडी शिवत बसली आहे. त्या गोधडीचे तुकडे जितक्या जपून रंगवलेत तितक्याच जपून माणसं. आधी जवळून बघा, मग लांबून. प्रमाणबद्धता मोजायला जाऊ नका.

शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. पिपिनची काही फुलांची चित्रं मलाही कोरडी वाटतात. पण शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याच्या हातातला ब्रश काढून घेऊ नये. काका हे वाचत असतील तर त्यांनी इतकंच सांगावं, त्या दिवशी चित्रातला आजीचा चेहरा त्यांनी पाहिला होता का? त्यांचीही ती आईच होती. प्लायला आता वाळवी लागली आहे, पण हात अजून शाबूत आहेत.