मे महिन्यात नागपूरहून पहिल्यांदा विमानानं जातोय. डिओ, शेव्हिंग फोम, आईचा कंबरदुखीचा स्प्रे आणि खोबरेल तेल कुठल्या बॅगेत ठेवू? स्प्रेचा डबा वर गेल्यावर फुटतो म्हणतात, खरं का?

नाही फुटत बाप्पा. आमच्या भाऊजींनी हीच गोष्ट अख्ख्या तालुक्यात सांगून ठेवली आहे, म्हणून आधी तेच निस्तरतो.

विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब फार तर 8000 फुटांवरच्या हवेइतका उतरू देतात. खाली सामानाच्या कप्प्यातही तेच. म्हणजे जमिनीपेक्षा साधारण पाव भाग कमी. डिओच्या डब्यात मुळातच बाहेरच्या कितीतरी पट दाब असतो, त्याला एवढ्या फरकानं काही होत नाही. डब्याचा खरा वैरी ऊन. आत बहुतेक वेळा ब्युटेन-प्रोपेन असतं, स्वयंपाकाच्या सिलिंडरातलंच. 25 अंशांच्या मानानं 50 अंशांना त्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून डब्यावर 50 अंशांची ताकीद छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात बंद उभी केलेली गाडी हा आकडा सहज ओलांडते. भाऊजी विमानाला भितात आणि डबा डॅशबोर्डवर ठेवून सोनेगावच्या विमानतळापर्यंत जातात! बॅग डिकीत टाकून गावभर कामं उरकत फिरू नका. निघताना भरा, सावलीत ठेवा.

त्यांचा दुसरा सिद्धांत, अर्धा संपलेला डबा चालतो. आत द्रवरूप गॅस उरला आहे तोवर दाब तेवढाच राहतो. आणि हातातल्या बॅगेच्या तपासणीत उरलेला माल नाही, डब्यावर छापलेला आकडा बघतात. 150 मिलीचा डिओ तळाला गेला तरी 150 मिलीचाच.

तर डिओ, फोम आणि कंबरदुखीचा स्प्रे चेक-इन बॅगेत, म्हणजे विमानतळावर काउंटरला सोपवायच्या बॅगेत. एक डबा 500 मिलीपर्यंत आणि माणशी सगळं मिळून 2 लिटर किंवा 2 किलो. अत्तर, नेलपेंट रिमूव्हरही यातच मोजा. टोपण हवंच. ते हरवलं असेल तर डबा घरीच ठेवा, कारण बुटाची टाच नोझलवर दाबली गेली की नागपूर ते पुणे डबा रिकामा आणि कपडे वासानं माखलेले. टोपणावर चिकटपट्टी मारा, डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा, बाहेरच्या कप्प्यात नको.

खोबरेलही चेक-इन बॅगेतच. फुटायची भीती नाही, पण तेल-शाम्पूची बाटली गळते, कारण आतली हवा वर गेल्यावर साधारण तीस टक्क्यांनी फुगते आणि झाकण उचलते. बाटली दाबून हवा काढा, दाबलेली असतानाच झाकण लावा. झाकणाखाली पन्नीचा तुकडा, वरून चिकटपट्टी, मग झिपच्या पिशवीत. खोबरेल 24 अंशांच्या वर पातळ होतं, आपल्याकडे मे महिन्यात तर पाणीच. त्याला दोन पिशव्या. पंपाची बाटली असेल तर पंप फिरवून लॉक करा.

हातातल्या बॅगेत न्यायचंच तर 100 मिलीच्या आतल्या बाटल्या, सगळ्या मिळून 1 लिटरच्या पारदर्शक पिशवीत. टूथपेस्टही त्यातच मोजतात. साबणाची वडी आणि तुरटी खुशाल न्या, दाढीला फोमपेक्षा तुरटी बरी असं माझं मत आहे. दम्याचा पंप मात्र हातातल्याच बॅगेत, तो सामानात टाकू नका.

झुरळ मारायचा फवारा आणि रंगाचा स्प्रे कुठल्याच बॅगेत नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना मारायला पुण्याहून स्प्रेचा रंग आणणाऱ्या पोट्ट्यांनो, तो इथंच विकत घ्या. कीटकनाशकाची बाटली तर विचारूच नका.

हां, देशातल्या विमानाला काही ठिकाणी मोठी बाटली सोडतात, त्यावर भरवसा नको. कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात, तिकिटावर बघून घ्या. आणि पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत.