पाण्याचं बिल वेगळं, मग करात ‘लाभ’ कशाचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीला मीटर आहे आणि पाण्याचं बिल आम्ही वेळेवर भरतो. तरीही मालमत्ता कराच्या बिलात जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर लावलेला असतो. एकाच पाण्याचे पैसे दोनदा घेतात का? – सोसायटी सचिव, मुलुंड

नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १४० मध्ये जल कर आणि जललाभ कर असे दोन निरनिराळे कर आहेत. जल कर पाणी पुरवल्याबद्दल असतो. लाभ कर मुख्यतः धरणं, बोगदे, जलवाहिन्या अशा भांडवली कामांसाठी आणि ती चालती ठेवण्यासाठी असतो. मलनिःसारणाचीही अशीच जोडी आहे.

मीटर असला की कलम १६९ नुसार जल कराऐवजी वापराप्रमाणे जलआकार लागतो. तुमच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘जल कर’ आणि ‘मलनिःसारण कर’ या रकान्यांत शून्य असायला हवं, ते आधी बघा. तिथे आकडा असेल तर तक्रार रास्त आहे. सॅक क्रमांक (मालमत्ता कराच्या बिलावरचा खाते क्रमांक) आणि पाण्याच्या बिलाची प्रत जोडून विभाग कार्यालयातल्या करनिर्धारण व संकलन खात्याकडे अर्ज द्या. लाभ कराचे रकाने मात्र मीटरमुळे जात नाहीत.

याच फरकामुळे २०१९ मध्ये बऱ्याच जणांची निराशा झाली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ‘करमाफी’ जाहीर झाली, पण माफ झाला तो बिलातला फक्त सर्वसाधारण कर, लाभ कर भरावेच लागले. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून मिळाली, आणि तीही मालमत्ता करापुरती. पाण्याच्या बिलाशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : पुनर्विकासानंतर आम्ही ४० सदनिकांत राहायला आलो. पाणी बेतानंच वापरतो, तरी बिल फुगलंय. मीटर खराब असेल का? – एक वाचक, बोरिवली

असेलही, पण आधी सदनिकांची नोंद तपासा. नव्वद टक्के वेळा मीटरवर संशय घेतला जातो आणि चूक कागदावर सापडते, असं आम्हाला वाटतं.

घरटी ५ माणसं धरून माणशी रोजचे १५० लिटर साध्या दराने आकारतात. १५० ते २०० लिटरच्या टप्प्याला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट दर लागतो. या सगळ्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार चढतो.

समजा, तुम्ही रोज ३० घनमीटर (१ घनमीटर म्हणजे १,००० लिटर) पाणी वापरता आणि दर घनमीटरला ६ रुपये आहे. ४० सदनिकांची नोंद असेल तर रोजचे ३० घनमीटर साध्या दरातच बसतात. ३० दिवसांचे ९०० घनमीटर, म्हणजे ५,४०० रुपये. मलनिःसारण आकार ३,७८० रुपये, एकूण ९,१८०. नोंद जुन्या इमारतीच्या ३२ सदनिकांचीच राहिली असेल तर साध्या दरात रोजचे २४ घनमीटरच बसतात. उरलेले ६ दुप्पट दराने जातात. मग ६,४८० रुपये अधिक ४,५३६, म्हणजे ११,०१६ रुपये. पाणी तेवढंच, पण महिन्याला १,८३६ रुपये जास्त.

भोगवटा प्रमाणपत्र आणि सदनिकांची यादी घेऊन विभाग कार्यालयातल्या सहायक अभियंता (जलकामे) यांच्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

नोंद बरोबर निघाली तर गळती शोधा. पाणी येण्याच्या वेळेत जमिनीखालच्या टाकीआधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटरचा बारीक काटा बघा. तो फिरत राहिला तर मीटर आणि टाकी यांच्यामधला पाइप गळतोय. काटा थांबला तर पाणी येऊन गेल्यावर पंप बंद ठेवा, टाकीतल्या पातळीवर खडूने खूण करा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. पातळी उतरली तर टाकीलाच तडा असेल. बॉल कॉक अडकून रात्री टाकी ओसंडते का, हेही वॉचमनला विचारा. वाया गेलेलं पाणी गटारात न जाता मातीत मुरलं तरी ७० टक्के आकार त्यावरही लागतोच.

प्रश्न : गल्लीत नवी मलवाहिनी पडतेय. न्यू जर्सीतल्या भावाला अशा कामासाठी नगरपालिकेनं थेट बिल पाठवलं होतं. आम्हालाही येईल का? – एक वाचक, गोरेगाव

तिकडची पद्धत वेगळी आहे. न्यू जर्सीत स्थानिक सुधारणेचा खर्च, त्या मालमत्तेला जेवढा खास फायदा झाला तेवढ्यापुरता, मालकावर बसवता येतो. तो व्याजासह वार्षिक हप्त्यांत फेडता येतो आणि फिटेपर्यंत घरावर बोजा राहतो.

मुंबईत गल्लीतल्या वाहिनीचं असं स्वतंत्र बिल घरोघर येत नाही, त्यासाठीच लाभ कर आहे. तुमच्या गळ्यात पडते ती घरजोडणी, म्हणजे इमारतीच्या शेवटच्या चेंबरपासून पालिकेच्या मॅनहोलपर्यंतची नळी. ती परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. रस्ता खणावा लागला तर तो पूर्ववत करण्याचं शुल्कही धरा. कंत्राटदाराचं काम चालू असतानाच जोडणीचा अर्ज द्या. रस्ता पुन्हा डांबरी किंवा काँक्रीटचा झाला की तोच खड्डा फार महाग पडतो.