जुन्या मारुती ८०० मध्ये टाकी फुल्ल असली तरी पेट्रोलचा काटा शून्यावरच राहतो. सेंडर (टाकीत बसून पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) बदलावा का?

लगेच बदलू नका. आधी तापमानाचा काटा बघा. तोही मेला असेल तर फ्यूज किंवा मीटरचा सप्लाय तपासा, टाकीकडे जायचं कारणच नाही.

तो ठीक असेल तर सेंडरचा कनेक्टर काढा. इग्निशन ऑन करून मीटरकडून येणारी वायर एका छोट्या बल्बमधून गाडीच्या बॉडीला जोडा, म्हणजे अर्थ करा. काटा हळूहळू वर चढला, तर मीटर आणि वायरिंग चांगलं आहे. नाही चढला, तर मधली वायर तुटलीय किंवा मीटर गेलंय. इथे ठिणगी उडू शकते, म्हणून टाकी बंद हवी आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका.

काटा चढला म्हणून सेंडरच खराब, असं मात्र नाही. जुन्या गाडीत माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे सेंडरच्या गाडीच्या बॉडीशी असलेल्या जोडणीवर असतो. कनेक्टर परत जोडा आणि सेंडरच्या बॉडीपासून चॅसीच्या घासून स्वच्छ केलेल्या भागापर्यंत एक तात्पुरती वायर लावा. काटा जागा झाला, तर गंज हाच गुन्हेगार. नवीन सेंडरचे पैसे वाचले.

तरीही शून्यच? मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, उघड्या हवेत सेंडर बाहेर घ्या. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय आणि बुडतोय. मल्टीमीटर ओहमवर ठेवून फ्लोटचा दांडा सावकाश वरखाली करा. रीडिंग सलग बदलायला हवं. मध्येच तुटलं तर ट्रॅक (दांड्याबरोबर संपर्क जिच्यावरून सरकतो ती पट्टी) झिजलाय, तेव्हा सेंडर बदला. बसवताना गॅस्केट नवीनच घाला.