दोनच नवे टायर घ्यायचेत: एमआरएफ, अपोलो, मिशेलिन की ब्रिजस्टोन?

तुमची बलेनो, माप १८५/६५ आर १५, पावसाळ्यातही साताऱ्याहून पुण्याला नियमित ये-जा. पुढचे दोन टायर गोटा झालेत, मागचे निम्मे शिल्लक आहेत. टिकाऊपणा, पकड आणि किंमत पाहता कोणती कंपनी, असं तुम्ही विचारलंय आणि जाता जाता लिहिलंय की दुकानदार नवे टायर पुढेच टाका म्हणतो.

कंपनीचं नंतर बघू. आधी तो दुकानदार, कारण हा सल्ला राज्यभर दिला जातो आणि तो चुकीचा आहे. नवे टायर मागे टाका. मागचे निम्मे झिजलेले पुढे आणा.

दुकानातला युक्तिवाद ठरलेला: इंजिनाचा जोर पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे, म्हणून चांगला टायरही पुढे. कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. पण खाचा असतात त्या पाणी बाहेर फेकायला. नव्या टायरची खाच साधारण ७.५ ते ८ मिमी, निम्म्या झिजलेल्याची ४ ते ५. साचलेल्या पाण्यात कमी खाचेचा टायर आधी तरंगतो. तो पुढे असला तर स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, गाडी वळण सोडून सरळ जायला बघते. हाताला लगेच कळतं. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडला की वेग उतरतो, भार पुढे येतो आणि पकड परत मिळते. तोच टायर मागे असला तर हाताला काहीच कळत नाही, थेट गाडीचा मागचा भाग सुटतो. घाबरून पाय काढला की मागचा भार आणखी कमी होतो आणि गाडी गर्रकन फिरते. खंबाटकी घाटाच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे उतरतानाचं एस वळण डोळ्यांसमोर आणा: उतारामुळे मागची चाकं आधीच हलकी, त्यात वेग, त्यात ब्रेक. घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तीही चाकांना ब्रेक लावूनच गाडी सावरते, आणि तरंगणाऱ्या टायरवर ब्रेक लागून उपयोग काय?

‘मागे झिजतच नाहीत, मग नवे तिथे वाया जातात’ हेही ऐकवलं जातं. वाया कसले? ते राखून राहतात. पुढचे संपले की मागचे पुढे आणायचे, पुन्हा नवे मागे. दर ८-१० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल केली असती तर चारही बरोबर झिजले असते आणि हा वाद निघालाच नसता.

आता कंपन्या. कडक रबर टिकतं पण ओल्यात कमी धरतं. सिलिका जास्त असलेलं, मऊ मिश्रण ओल्यात धरतं आणि महाग पडतं. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर एकमेकांपेक्षा वेगळे निघतात, नुसतं ‘एमआरएफ द्या’ म्हणू नका, मॉडेल सांगा. नुसते किलोमीटर हवे असतील तर एमआरएफ झेडव्हीटीव्ही किंवा अपोलो अमेझर फोर-जी लाइफ. खराब रस्त्यावर दणकट हवा तर ब्रिजस्टोन स्टर्डो. ओल्या रस्त्यावरची पकड आणि शांतपणा हवा तर मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी किंवा योकोहामाचा ब्लूअर्थ. तुमचा घाट आणि पाऊस पाहता मी शेवटच्या दोनांतलाच घेईन. हिशेब करून बघा: समजा एक टायर ५,५०० रुपयांचा आणि ४५ हजार किलोमीटर चालला, दुसरा ७,५०० चा आणि ४० हजार चालला. दोन टायरांमागे दहा हजार किलोमीटरला साधारण तेराशे रुपयांचा फरक. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी कमी अंतरात थांबण्यासाठी हे पैसे जास्त नाहीत.

टायर लवकर संपण्याचा दोष मात्र कंपनीला देण्याआधी जुने टायर नीट बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकाच बाजूने खाल्ला असेल, किंवा हात फिरवल्यावर नक्षी एका दिशेने करवतीसारखी बोचत असेल, तर अलाइनमेंट बिघडलंय. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. हे दुरुस्त न करता बसवलेला महागडा टायरही तसाच संपेल. तुमच्या गाडीत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, तिथे अलाइनमेंट फिरवायची सोय नसते. मागचे आकडे हद्दीबाहेर आले तर बीम किंवा हब वाकलाय का ते तपासायला सांगा.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. उन्हाळ्यात हायवेला लागताना हवा कमी करायची पद्धत तर घातकच. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो.

बसवण्याआधी टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. वर्षाहून जुना माल परत करा. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) आणि वेगमर्यादेचं अक्षर, उदाहरणार्थ ८८एच, जुन्यापेक्षा खालचं नको.

आणि एक अट राहिली. खाचेच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी पावसात ३ मिमीच्या खाली टायर भरवशाचा राहत नाही. तुमचे ‘निम्मे’ टायर गेजने मोजून घ्या. ३ च्या आत असतील, बाजूला फुगा असेल किंवा सहा वर्षांपेक्षा जुने असतील, तर पुढेमागेचा प्रश्नच उरत नाही. मग स्वस्तातले का होईना, चारही नवे घ्या.