क्लेमची क्वेरी: काय द्यायचं, काय विचारायचं, कुठे थांबायचं

आरोग्य विम्याच्या क्लेमनंतर येणाऱ्या चौकशीच्या पत्रांबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. मजकूर थोडक्यात दिला असून नावं गाळली आहेत.

वडिलांचं वय 63. अँजिओप्लास्टी झाली, 2 लाख 80 हजारांचा क्लेम टाकला. पॉलिसी चार वर्षांपासून सलग आहे. आता टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं) पत्र आलंय: बीपी आणि शुगर कधीपासून आहे याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दोन्ही आजारांचा अगदी पहिला तपासणी कागद आणि मागच्या दहा वर्षांचे सगळे रिपोर्ट द्या. एवढे जुने कागद आमच्याकडे नाहीत. (सोलापूर)

या पत्राला दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: आजार पॉलिसी घेण्याआधीचा आहे का, आणि असेल तर प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात) सांगितला होता का. तुमचं उत्तरही त्याच दोन मुद्द्यांना धरून हवं.

आधी तारखा मांडून घ्या. विमा नियामकाच्या 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार पॉलिसी घेण्याआधीच्या आजारासाठी कंपनीला 36 महिन्यांपेक्षा जास्त प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) ठेवता येत नाही. पूर्वी तो 48 महिन्यांपर्यंत असे. ‘आधीचा आजार’ म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. सलग 60 महिने पूर्ण झाले, की माहिती दडवली या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. मधे विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी हे 60 महिने नव्याने मोजतात. पॉलिसी दुसऱ्या कंपनीतून पोर्ट केली असेल तर आधीची वर्षंही धरली जातात, त्यामुळे जुन्या कंपनीची पॉलिसीपत्रं उत्तराला जोडाच. तुमची चारच वर्षं झाली असतील, तर कंपनीला हे विचारण्याचा हक्क अजून आहे.

आता डिस्चार्ज कार्ड काढा आणि ‘पास्ट हिस्ट्री’ची ओळ वाचा. निम्म्याहून जास्त घोळ तिथेच असतो. रात्री कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर विचारतात, “शुगर कधीपासून?” घाबरलेला नातेवाईक सांगतो, “झाली असतील आठ-दहा वर्षं.” कागदावर ‘डीएम 10 वर्षे’ (डीएम म्हणजे मधुमेह) उमटतं, तेच पुढे डिस्चार्ज कार्डात उतरतं, आणि टीपीएच्या लेखी तो पुरावा ठरतो. म्हणून घरी जाण्याआधी डिस्चार्ज कार्डाचा कच्चा मसुदा मागून वाचावा. चूक त्याच टेबलावर दुरुस्त होते. आता उशीर झाला असेल, तर मूळ कागदाला हात लावू नका. खाडाखोड, वर्ष गिरवणं, नवीन कार्ड बनवून घेणं यांतलं काहीही केलंत तर खरा क्लेमसुद्धा फसवणुकीच्या खात्यात जातो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या. पत्रावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख हवी आणि त्यात आधार लिहिलेला हवा: ‘दाखल करताना कालावधी नातेवाइकांच्या अंदाजाने नोंदवला गेला, उपलब्ध कागदांनुसार मधुमेहाचं पहिलं निदान अमुक तारखेच्या अमुक रिपोर्टवर आहे.’ आधार नसलेलं ‘नुकताच आढळला’ असं सर्टिफिकेट टिकत नाही.

हे पत्र अर्थात ती ओळ खरोखर चुकीची असेल तरच घ्यायचं. शुगर खरंच दहा वर्षांची असेल आणि फॉर्ममध्ये सांगितलेली असेल, तर प्रपोजल फॉर्मची प्रत जोडा. प्रतीक्षा काळ संपला असल्याने विषय मिटायला हवा. माहीत असलेला आजार कंपनीने स्वीकारून पॉलिसी दिली असेल तर नंतर तेच कारण दाखवून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. सांगितलेली नसेल, तर क्लेम नाकारला जाण्याचा, पॉलिसी रद्द होण्याचाही धोका आहे. तो खोट्या कागदाने कमी होत नाही, वाढतो.

जुने कागद नसतील तर जे आहेत त्यांतून कालरेषा उभी करा. नोकरीच्या ठिकाणची आरोग्य तपासणी, लॅबच्या संगणकातले जुने रिपोर्ट, औषध दुकानाची बिलं, फॅमिली डॉक्टरांचा केसपेपर. पॉलिसीच्या आधीच्या वर्षातला नॉर्मल साखरेचा एक रिपोर्ट दहा सर्टिफिकेटांना भारी पडतो. आणि एक कागद बहुतेक जण विसरतात: पॉलिसी देण्याआधी कंपनीनेच तपासणी करवली असेल, तर तिचे रिपोर्ट कंपनीकडे आहेत, ते पत्रातच मागून घ्या. जे मिळतच नाही त्यासाठी सरळ लिहा:

‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रातील मुद्दा 2: दहा वर्षांपूर्वीचे बाह्यरुग्ण कागद आमच्याकडे उपलब्ध नाहीत. उपलब्ध असलेला सर्वांत जुना कागद (दिनांक …) सोबत जोडला आहे. याव्यतिरिक्त कागद हवा असल्यास तो पॉलिसीच्या कोणत्या कलमासाठी आवश्यक आहे ते कृपया लेखी कळवावे.’

वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर दाखल रुग्णांच्या नोंदी तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे, हेही नमूद करा. त्याच नियमांत, रुग्णाने मागितल्यावर नोंदी 72 तासांत द्याव्यात असं आहे. इनडोअर केसपेपर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करून घ्या आणि प्रत्येक पानावर शिक्का आहे ना ते पाहा.

पत्रात जितके मुद्दे, तितक्याच क्रमांकांनी उत्तर द्या. एक मुद्दा जरी सुटला तरी ‘अपूर्ण’ म्हणून तेच पत्र पुन्हा येतं.

फायब्रॉइडचं (गर्भाशयातल्या गाठींचं) ऑपरेशन झालं. कंपनीकडून मिळालेली ग्रुप पॉलिसी आहे. टीपीएने विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, गर्भपात झाले का, वंध्यत्वाचे उपचार घेतले का. हे सगळं एचआरच्या ईमेलवर, मला सीसी करून. (ठाणे)

एचआरला प्रत घालून हे विचारणं चूकच आहे. तुमचा राग रास्त आहे.

प्रश्नामागचं कारण मात्र आहे. अनेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात आणि गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढल्या, की ऑपरेशन मूल होण्यासाठी केलं का अशी शंका टीपीए घेतो. त्या शंकेचं उत्तर तुमच्या लग्नाच्या वर्षांत नसून ऑपरेशनच्या वैद्यकीय कारणात आहे. सोनोग्राफी रिपोर्टमध्ये गाठींचा आकार आणि संख्या, ऑपरेशनपूर्वीचं हिमोग्लोबिन, रक्तस्राव किती महिने होता हे सांगणारे तपासणी कागद, काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, आणि ‘अतिरक्तस्राव व त्यामुळे झालेला रक्तक्षय यासाठी शस्त्रक्रिया’ असं कारण स्पष्ट लिहिलेलं सर्जनचं पत्र, एवढं पाठवा. उरलेल्या मुद्द्यांपुढे कलम विचारा. वंध्यत्वाचे उपचार घेतले असतील तर ‘नाही’ असं लिहू नका. पण हे ऑपरेशन त्याचा भाग नव्हतं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मग ग्रुप पॉलिसीची अटींची प्रत मागवा. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तसं असेल तर ‘त्रास कधीपासून’ हा प्रश्नच गैरलागू. ते कलम उद्धृत करून तसंच लिहा.

उत्तर एचआरला न घालता टीपीएच्या क्लेम ईमेलवर पाठवा. पहिल्याच ओळीत लिहा: ‘माझी वैद्यकीय माहिती माझ्या नोकरीदात्याकडे पाठवू नये, यापुढचा पत्रव्यवहार फक्त माझ्याशी करावा.’ एचआरला एवढंच कळवा, की कागद थेट दिले आहेत. एचआयव्हीबद्दलची माहिती तर 2017 च्या कायद्याने खास संरक्षित आहे, संमतीशिवाय ती उघड करता येत नाही. मानसिक आरोग्याच्या नोंदींनाही त्याच वर्षीच्या वेगळ्या कायद्याने गोपनीयता दिली आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कोणी मानसोपचारतज्ज्ञांचे कागद मागितले, तर संबंध काय ते आधी विचारा.

चौकशी अधिकारी घरी आला, आईचा जबाब त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, सही घेतली. एका कोऱ्या फॉर्मवरही सही मागत होता. (नाशिक)

चौकशी करण्याचा अधिकार कंपनीला आहे. प्रपोजल फॉर्मवर सही करताना हॉस्पिटल आणि डॉक्टरांकडून माहिती घ्यायला आपण बहुधा संमती दिलेलीच असते. कोऱ्या कागदावर सही मात्र कधीच नाही, ओळखीच्या एजंटाने सांगितलं तरी नाही.

आलेल्या माणसाकडून कंपनीचं नेमणूकपत्र आणि ओळखपत्र मागा, दोन्हींचा फोटो घ्या, त्यावरचा क्लेम क्रमांक आपलाच आहे का पाहा. रुग्ण अजून अशक्त असेल तर दुसरी वेळ द्या. जबाब शक्यतो रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतः, मराठीतच लिहावा. त्याने लिहिला असेल तर प्रत्येक ओळ वाचून, रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारून, तारीख-वेळ घालून सही करायची आणि लगेच फोटो काढायचा. वर्ष आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ हेच उत्तर. अंदाजाने सांगितलेला आकडा हॉस्पिटलच्या कागदाशी जुळला नाही, की त्यावरच बोट ठेवलं जातं. मूळ कागद हातात द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या, पोच घ्या.

आईचा जबाब आता तुमच्या हातात नाही. आजच विमा कंपनीला ईमेल करून प्रत मागा आणि त्यात आईने काय सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहून, सहीनिशी जोडा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा घराच्या पायरीवरून पडला, इमर्जन्सीत नेलं, टाके पडले. महिन्याने विमा कंपनीच्या वतीने एका भलत्याच संस्थेचं पत्र: अपघात कुठे झाला, दोष कोणाचा, वकील केलाय का. उत्तर द्यावंच लागतं का? (एडिसन)

द्या. दुखापतीचे निदान-कोड ‘एस’ किंवा ‘टी’ या अक्षराने सुरू होतात आणि असा कोड बिलावर आला, की हे पत्र आपोआप निघतं. गाडीचा विमा, कामाच्या ठिकाणचा विमा किंवा ज्याच्या जागेत पडलात त्याचा विमा यांच्याकडून पैसे वसूल होतील का, हे त्यांना पाहायचं असतं. उत्तर दिलं नाही तर क्लेम अडकतो आणि हॉस्पिटल पूर्ण बिल तुमच्या नावाने पाठवतं.

आधी विमा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून ही संस्था खरी आहे का विचारा. पत्रातल्या नंबरवर नको. मग थोडक्यात: तारीख, ‘स्वतःच्या घरी, पायरीवरून घसरून, वाहन नाही, दुसरी व्यक्ती नाही’. सोशल सिक्युरिटी नंबर लिहू नका, सदस्य क्रमांक पुरतो. घर भाड्याचं असेल आणि पायरी मोडकी होती, तर मात्र दोषाबद्दल काही लिहिण्याआधी वकिलाशी बोला. घरमालकाच्या विम्याकडून पैसे मिळाले तर आरोग्य विमा आपला खर्च त्यातून परत मागू शकतो, म्हणून तडजोडीवर सही करण्यापूर्वी तो आकडा लेखी घ्या.

‘दुसरा विमा आहे का’ हा प्रश्नही त्यात असतो. आई-वडील दोघांच्याही नोकरीच्या विम्यात मूल असेल, तर सहसा ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा पहिला. वय बघत नाहीत, महिना आणि दिवस बघतात.

मोतीबिंदूचा क्लेम. तीन वेळा कागद दिले, आता ‘कागदांअभावी फाइल बंद’ असं पत्र. (कणकवली)

बंद म्हणजे नामंजूर नव्हे. राहिलेला कागद देऊन फाइल पुन्हा उघडायला लावता येते. मोतीबिंदूत हमखास राहणारी वस्तू म्हणजे लेन्सचा स्टिकर, ज्यावर कंपनी, पॉवर आणि अनुक्रमांक असतो, आणि लेन्सचं खरेदी बिल. डोळ्याच्या मापाचा ए-स्कॅन रिपोर्टही मागतात. स्टिकर हॉस्पिटलच्या ऑपरेशन नोंदीत चिकटवलेला असतो, त्या पानाची शिक्क्यासह प्रत घ्या.

सोबतच्या पत्रात आधीच्या तिन्ही वेळांच्या तारखा, कुरिअर पावत्यांचे क्रमांक किंवा ईमेल लिहा. हे पत्र टीपीएबरोबरच विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा, कारण टीपीए मधली संस्था आहे. मंजूर-नामंजूर करणं कंपनीचं काम. नामंजूर केलाच, तर कंपनीच्या क्लेम आढावा समितीची मान्यता हवी आणि पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम हवं, असं नियामकाचं मे 2024 चं परिपत्रक सांगतं. उशीर कंपनीमुळे झाला असेल तर बँक दरावर 2 टक्के जास्त धरून व्याज मिळतं. ते आपणहून मागा.

कंपनीने 14 दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. तसं झालं नाही, तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करा. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत जायला हवं, आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू नसावं. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीने तो 30 दिवसांत पाळला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात.