चिमणी घेण्याआधी हवा आत कुठून येणार ते बघा

स्वयंपाकघरासाठी कुठली चिमणी घेऊ हा प्रश्न नंतरचा. साधारण चिमणी ताशी १००० घनमीटर हवा ओढते. दहा बाय दहाचं स्वयंपाकघर दोन मिनिटांत रिकामं. साताऱ्याच्या थंडीत खिडक्या बंद असल्या, की चिमणी न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा नाहीतर बंबाचा धूर उलटा घरात खेचते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास.

सध्या एवढंच करा:
- चिमणी चालू असेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी.
- गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्यावर. बंब अंगणातच बरा.
- चिमणीचा पाइप थेट बाहेर. बिनपाइपची चिमणी तेल-वास धरते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

गिझरला धुराची नळी असेल तर तपासून घ्या. गॅसचा वास नाही ना बघा, गिझर बंद ठेवा, खिडक्या लावा, चिमणी फुल्ल करा आणि नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर खोलीकडे वळला तर गिझर पेटवायचा नाही.

गार वारा येतो म्हणून भिंतीतल्या हवेच्या जाळीत बोळे कोंबणं, ही नवख्यांची हमखास चूक. खालची जाळी तर मुळीच बुजवू नका; गळलेला सिलिंडरचा गॅस जड, तो तळाशीच साठतो.

डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.